ढापे एक दिवस आधी

घरच्यांच्या हिशेबी मी त्या दिवशी दौंडला होते. माझी धाकटी बहीण शितल तिथं रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहते, आणि बहिणीकडे जाते म्हटलं की आमच्या घरात कुणी पुढचा प्रश्न विचारत नाही. सासूबाई तेवढ्या म्हणतात, "जाताना वांगी ने थोडी." ती वांगी एस्थरच्या घरी शिजतात.

एस्थर शिरूरची. रविवारी चर्चमध्ये फुलं लागतात म्हणून ती शनिवारी बाजारात माझ्याकडून शेवंती घ्यायची, तिथली आमची ओळख. डॉक्टरनं तिला साखरेसाठी चालायला सांगितलं होतं. मला कुणीच सांगितलं नव्हतं, पण मलाही चालायचं होतं. आता बाईमाणसानं रस्त्यानं उगाच चालायचं म्हटलं, तर येणारा-जाणारा गाडी थांबवून विचारतो, "कुठं सोडू का?" शेतातून चाललं तर विचारतात, "खुरपं इसरलीस का?" कामाशिवाय पाय उचललेला लोकांना बघवत नाही. म्हणून आम्ही नदीची घळ शोधली.

आमच्या गावच्या बंधाऱ्याच्या खाली बरंच अंतर गेल्यावर कुकडी काळ्या खडकात शिरते. दोन्ही बाजूंनी उभे कडे. वर वनखात्याचं हिवर-बाभळीचं जंगल, आणि त्यातून मेंढरांनी पाडलेली पायवाट वळणं घेत खाली उतरते. खाली पाण्यानं कोरलेले रांजणासारखे खळगे आणि शेवटाला एक लहानसा धबधबा. पुण्याचे लोक पाठीला पिशव्या लावून असल्या ठिकाणी जातात आणि त्याला ट्रेक म्हणतात. आम्ही त्याला दौंड म्हणायचो. एस्थर फोनवर विचारायची, "गुरुवारी दौंडला यायचं का गं?" की मला दिवसभर हसू यायचं.

त्या गुरुवारी जायचं कारण साधं होतं. शुक्रवारी बंधाऱ्याचे ढापे निघणार होते. बंधाऱ्याच्या गाळ्यांत लोखंडी ढापे बसवून पाणी अडवतात आणि खालच्या गावांची ओरड झाली की ते काढून पाणी सोडतात. माझे मालक, ईश्वर, या कामातले म्होरके. ढापे काढायच्या आधी एक जण मोटारसायकलवर नदीकाठानं हाळी देत जातो, "मोटारी वर घ्या, ढापं निघाल्यात!" तो नदीतून पाणी उपसणाऱ्या शेवटच्या मोटारीपर्यंत जातो आणि माघारी फिरतो. त्याच्या पुढं घळ लागते. घळीत मोटार नाही, धुणं नाही, गुरं नाहीत. तिथं कोण कशाला जाईल?

आम्ही धबधब्यापर्यंत जाऊन आलो आणि नेहमीसारख्या नदीच्या मधल्या कातळावर चढून बसलो. भाकरी खाल्ली. एस्थर गुडघा चोळत होती. तिला पोहता येत नाही, आणि त्या गुडघ्यामुळे दगडांवरून कातळापर्यंत यायलाही माझा हात लागतो.

"सुरेखा," ती म्हणाली, "आपण ज्या दगडांवरून आलो, ते कुठं गेले?"

मी पाहिलं. दगडांच्या जागी पाणी होतं. गढूळ, फेस आलेलं, काटक्या वाहून आणणारं. धबधब्याचा आवाजही बदलला होता.

"तुझा नवरा उद्या काढणार होता ना?"

"उद्याच."

"मग हे काय आहे? प्रभूनं पाठवलंय?"

कातळाच्या अंगावर पाणी सावकाश वर सरकत होतं, गाय पान्हावल्यावर कास भरत जावी तसं. काठ एवढा जवळ, की तिथल्या बाभळीवरची मुंगळ्यांची रांग दिसत होती. पण मधे पाणी असं ओढीचं, की एस्थरनं त्यात पाय घातला असता तर सरळ धबधब्यापाशी गेली असती.

माझी गोष्ट वेगळी. मी माहेरच्या विहिरीत पोहायला शिकलेली आहे. तिरकं पोहत मी काठ गाठला असता, पदर पिळला असता आणि संध्याकाळच्या गाडीनं दौंडहून परत आले असते. हा विचार माझ्या मनात आला. किती वेळ राहिला ते सांगत नाही.

एस्थरनं तो ओळखला असावा. "तू जा पोहत," ती म्हणाली. "मी बसते. वरून कुणाला तरी पाठव."

"वर कोण हाय पाठवायला? मेंढरं?"

"मग फोन कर."

कातळाच्या टोकावर उभं राहिलं की फोनला रेंज यायची, हे आम्हाला ठाऊक होतं. अडचण रेंजची नव्हतीच. फोन केला की दौंड संपलं. पुन्हा कधीच कुणाला दौंडला जाते म्हणता आलं नसतं, अगदी खरंच दौंडला जायचं असलं तरी. माझ्या अख्ख्या संसारात माझी अशी एवढी एकच गोष्ट होती.

"अजून हातभर कातळ हाय," मी म्हणाले. "थांबंल आता पाणी."

"सुरेखा," एस्थर शांतपणे म्हणाली, "तुझा हात आखूड आहे. माझ्या हातानं मोजलं तर अर्धाच उरलाय."

एवढ्यातही ती मला हसवायला बघत होती. मी टोकावर उभी राहिले आणि फोन लावला.

"बोल की!" ईश्वर ओरडले. मागं पाण्याचा आणि माणसांचा गलका. "पोचलीस व्हय दौंडला?"

"अहो, ढापं काढू नका."

"काय?"

"ढापं! काढलेलं परत बसवा!"

"तुला दौंडात बसून काय कळालं ढाप्याचं? शितलीच्या घरात शिरलं का काय पाणी?" चारचौघं हसली. हातांना वंगण असलं की ते फोन स्पीकरवर टाकून दुसऱ्याच्या हातात देतात, म्हणजे अख्खा बंधारा ऐकत होता. "अगं, तू न्हाईस तर घरी जाऊन तरी काय करायचं? म्हटलं, उद्याचं आजच उरकू."

म्हणजे माझ्या दौंडनंच पाणी सोडलं होतं.

"मी दौंडात न्हाई," मी म्हणाले. "मी घळीत हाय. मधल्या कातळावर. एस्थर हाय संगं. तिला पोहता येत न्हाई, आन् पाणी वर चढतंय."

पलीकडं माणसांचा आवाज बंद झाला. नुसतं पाणी वाजत राहिलं, त्यांच्याकडचं आणि आमच्याकडचं. मग फोन धरणारे गेणबा आप्पा म्हणाले, "सुनबाई, घळीत काय हरावलं गं?"

खालच्या गावचं कुणीतरी कुरकुरलं, "आता कुठं पाणी सुटलंय..." आणि ईश्वर असे कडाडले, की लग्नापासून मी तो आवाज ऐकला नव्हता. "माझी बायको हाय तिथं! साखळी धर! ढापा आण आधी!" फोन बंद झाला.

वाहत्या पाण्यात ढापा बसवणं म्हणजे बैलाला उलटं जुंपणं. त्यात किती वेळ गेला मला माहीत नाही. एस्थर डोळे मिटून प्रार्थना म्हणत होती. मी तिला पाठीमागून धरून बसले होते. पाणी आमच्या पावलांना लागलं, घोट्यापर्यंत आलं, आणि तिथंच राहिलं. वर चढेना, खाली उतरेना.

ईश्वर पायवाटेनं धावत उतरले. अंगावर चिखल, खांद्यावर ट्रॅक्टरचा दोर, मागं निम्मं गाव. दोराचं एक टोक बाभळीला बांधून ते छातीएवढ्या पाण्यातून आले. आधी एस्थरला नेलं. मग मला एवढंच म्हणाले, "धर."

काठावर मात्र सगळे बोलले. "वहिनी, दौंडची गाडी हितनं सुटती व्हय?" "रीलबिल काढीत हुत्या का?" गेणबा आप्पांनी एस्थरला आपलं उपरणं दिलं आणि मला विचारलं, "पर आलतीस कशाला, पोरी?"

"चालायला."

"चालायला?" त्यांनी आजूबाजूला पाहिलं. चालण्यासारखं काही दिसलं नाही त्यांना.

घरी सासूबाईंनी एकच विचारलं, "मग वांगी कुणी खाल्ली एवढी?"

ईश्वर रात्री जेवताना म्हणाले, "मला सांगितलं असतंस तर मी नसतं का न्हेलं?"

आता त्यांना कसं सांगू, की नेलं असतं म्हणूनच सांगितलं नव्हतं? ते मारणारे नाहीत, ओरडणारे नाहीत. काळजी करणारे आहेत. मारणाऱ्याच्या घरातून बाईला निघून तरी जाता येतं.

नंतरच्या गुरुवारी त्यांनी आपणहून मोटारसायकल काढली. "चल, तुला चालायचंय ना? एस्थरबाईंस्नी बी बोलाव." कड्याच्या टोकावर गाडी लावली. डबा, पाण्याची बाटली, दोर, सगळं बरोबर. एस्थर स्कूटी लावून आमच्यापाशी येऊन उभी राहिली. ते कमरेवर हात ठेवून म्हणाले, "हं. चाला आता. मी हाय."

आम्ही दोघी उभ्याच. लग्न जमवताना मुलीला चालून दाखव म्हणतात, तसं वाटलं. पाय उचलेना.

"काय झालं?"

मी एस्थरकडे पाहिलं. ती पायातल्या बुटाची नसलेली नाडी बांधायला वाकली.

"तुम्ही नका ना येऊ," मी म्हणाले.

"मी कुठं येतोय? मी वरूनच बघणार."

"ते बी नका."

त्यांचा चेहरा पडला. पन्नाशीच्या माणसाचा चेहरा असा पडलेला बघवत नाही. "म्हंजी मी नको?"

"घरात पाहिजे, शेतात पाहिजे. हितं नको."

त्यांनी घळीकडं पाहिलं, मग दोराकडं. "आन् काय झालं म्हंजी?"

"तर हाक मारीन."

मग ते जाऊन एका धोंड्यावर बसले, घळीकडं पाठ करून, दोर मांडीवर घेऊन. "घरी जायाचं न्हाई," म्हणाले. "ढापं मीच काढतो, मला म्हाईत हाय पाणी काय असतं ते. पर बघनार न्हाई. जा."

आम्ही मेंढरांच्या वाटेला लागलो. मागून खोकला ऐकू आला. थोड्या वेळानं पुन्हा. घसा चांगला ठणठणीत आहे त्यांचा.

"खोकतोय," एस्थर म्हणाली.

"खोकू दे."

खाली नदीचा आवाज मोठा होत गेला. वळणावर मी मान वर करून पाहिलं. आकाशात त्यांची पाठ तेवढी दिसत होती, ताठ, आपल्या बोलाला जागणारी. एस्थर पुढं निघून गेली होती आणि दगडांपाशी माझ्या हातासाठी थांबली होती. मी झपाझप उतरले.