जायफळाचे वेढे

नंदूला गुटी द्यायचं काम आमच्या सासूबाईंचं. सकाळी त्याची आंघोळ झाली की त्या सहाण घेऊन मोरीच्या उंबऱ्याशी बसत आणि उकळून गार केलेल्या पाण्यात एकेक मुळी उगाळत. गुटीचं माप वेढ्यांत असतं. सहाणेवरून मुळी एकदा गोल फिरवली की एक वेढा. हळकुंडाचा एक, मुरडशेंगेचे दोन, वेखंडाचा अर्धा. जायफळाचा एकच.

"जायफळान पोराक झोप येता," त्यांनी मला पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. "पण एकाच्या वर जावचा नाय. माझ्या सासूचो शब्द तो."

त्या मालवणकडच्या. चाळीस वर्षं मुंबईत काढली तरी घरात तशाच बोलतात. घाटकोपरला पंतनगरमध्ये, हाउसिंग बोर्डाच्या बिल्डिंगीत आमची दीड खोली. त्यात त्या, मी, माझा नवरा राजाराम आणि नऊ महिन्यांचा नंदू. राजाराम आणि मी एकाच कॉलेजातले, म्हणून एकटे असलो की मी त्याला राजा म्हणते. आईंसमोर अहो.

लग्नाआधी माझ्या तीन कथा छापून आल्या होत्या. नंदू झाल्यापासून एक ओळ नव्हती. त्या वर्षी, पंच्याऐंशी साली, मी ट्रंकेतली एक जुनी कथा काढून एका दिवाळी अंकाला पाठवली आणि सोमवारी संपादकांचं कार्ड आलं. कथा आवडली, पण शेवट घाईत उरकलाय. शेवटची चार पानं नव्याने लिहून शनिवारपर्यंत आणून द्या, अंक छपाईला चाललाय.

चार पानं. कॉलेजात असते तर एका ऑफ पिरियडला लिहिली असती.

पण नंदू झोपतच नसे. दात येत होते. वीस मिनिटं डोळा लागला की दचकून उठायचा. मी पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून, राजारामने ऑफिसातून आणलेल्या पाठकोऱ्या कागदांवर लिहायची. नंदू वाक्याच्या मधेच उठायचा. मग त्याला खांद्यावर टाकून उरलेलं वाक्य पुटपुटत फेऱ्या मारायच्या. तो शांत होईपर्यंत ते वाक्य पार गेलेलं असायचं. आणि तो झोपला तरी मला कुठे चैन? दर पाच मिनिटांनी उठून त्याच्या नाकाशी बोट धरायची. बोटाला श्वास लागला की परत येऊन बसायची.

"अगं, सारखी उठबस करतेस, त्यानेच जागा होतो तो," राजाराम म्हणायचा. मला ते पटायचं आणि मी पुन्हा उठायची.

मंगळवारी दुपारी सासूबाई भाजीला गेल्या तेव्हा मी गुटीचा डबा काढला. जायफळाचा एक वेढा, दुधात. तासभर झोपला. अर्धं पान झालं. बुधवारी दोन वेढे. पाऊण पान. असंच चाललं असतं तर शनिवारपर्यंत माझी वाट लागली असती.

गुरुवारी सासूबाई भजनाला निघाल्या. दारात चपला घालताना म्हणाल्या, "तू लिव हो निवांत. आज झोपतलो तो."

हे त्यांना कसं ठाऊक, असं मी विचारलं नाही. दार लोटलं आणि सहाण घेतली. पाच वेढे दिले. मोजले ते मला पक्कं आठवतं. सहावा दिला की नाही ते आठवत नाही, कारण तेवढ्यात मला शेवटच्या परिच्छेदाचं पहिलं वाक्य सापडलं होतं.

एक वाजता नंदू झोपला. मी लिहायला बसले आणि त्या दिवशी एकदाही उठले नाही. नाकाशी बोट धरायला गेले नाही. खाली शाळेची पोरं परत आली, जिन्यात कुणीतरी कुणाला तरी "ए बावळट" म्हणून ओरडलं, ते सगळं ऐकू येत होतं आणि हात चालत होता. चौथं पान पुरं झालं तेव्हा साडेचार होऊन गेले होते. मला फार आनंद झाला. नंदूकडे बघायच्या आधी मी ते पान एकदा वाचून काढलं.

मग पाळण्यात वाकले. त्याचं तोंड लाल झालं होतं, ओठ कोरडे. हाक मारली. उचलला तर मान मागे गेली. हात वर धरून सोडला तर तो तसाच खाली पडला.

शेजारच्या खोलीतली बर्था नर्स आहे, पहिली पाळी करून घरी आली होती. मी तिच्या दारात जाऊन नंदूला पुढे धरलं. तिने नंदूला माझ्या हातातून घेतलं, पापणी वर करून बघितली.

"काय पाजलंस याला?"

"दूध."

"नुसतं दूध? उत्तरा, माझ्याकडे बघ."

"गुटी असते सकाळची."

"चल. चप्पल घाल आधी. रिक्षा मी थांबवते."

गेटपाशी सासूबाई भेटल्या, भजनाहून परत येत होत्या. काही न विचारता रिक्षात चढल्या. रस्ताभर त्या नंदूच्या तळपायांना हात घासत होत्या.

हॉस्पिटलात डॉक्टर तरुण होता. त्याने विचारलं, "काय दिलंय पोटात?" मी तोंड उघडलं, पण त्याआधी सासूबाई पुढे झाल्या.

"माझ्या हातान झाला, डाक्टर. सुनेक लिवचा होता. पोर तिका लिवक देय नाय. म्हणान मी सकाळी जायफळाचे दोन वेढे जास्ती दिलंय."

"म्हणजे एकूण किती?"

"तीन. एक नेमाचो, दोन वरचे."

"तीन वेढे म्हणजे किती, आजी? चमचा? अर्धा चमचा?"

सासूबाईंनी डाव्या तळहातावर उजव्या हाताचं बोट तीनदा गोल फिरवून दाखवलं.

"हे असं अंदाजाने उगाळून पाजता तुम्ही लोक!" डॉक्टर ओरडला. "एवढ्याशा जिवाला विष आहे ते!" मग माझ्याकडे वळला. "आणि बाई, तुम्ही तर शिकलेल्या दिसता. तुमचं लक्ष कुठे होतं?"

"मी लिहीत होते," मी म्हणाले.

बर्थाने मला बाहेर ओढलं. "तीन वेढ्यांनी असं होत नाही. किती?" मी एका हाताची पाचही बोटं दाखवली. मग दुसऱ्या हाताचं एक. ती माझ्याकडे बघत राहिली नाही, लगेच आत गेली आणि डॉक्टरला हळूच सांगून आली. सासूबाई तेव्हा भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. त्यांना ऐकू आलं नाही.

शुक्रवारी सकाळी नंदू भुकेने रडला. दुपारी त्याला घरी आणलं. संध्याकाळी मी राजारामला गॅलरीत बोलावलं.

"राजा, तीन नव्हते. वर मी दिले होते. पाच."

"पाच?"

"किंवा सहा."

त्याने गॅलरीचं दार ओढून घेतलं. "आईला सांगितलंस?"

"नाही. आत्ता सांगते."

"नको."

"अरे, त्या सकाळपासून जेवल्या नाहीयेत!"

"तिला वाटतंय आपली चूक झाली. तू चोरून देत होतीस हे कळलं तर ती एक दिवस तरी तुझ्यापाशी पोर सोडेल का? आणि मी? मी ऑफिसात बसू शकेन?" मग म्हणाला, "पानं झाली?"

"झाली."

"उद्या जाताना देऊन येतो."

"नको रे. नाही द्यायची मला."

"मग कशासाठी केलंस?"

तो चिडून बोलला असता तर मी भांडले असते. त्याने खरंच विचारलं होतं. शनिवारी सकाळी त्याने पानं बॅगेत टाकली आणि मी त्याचा डबा भरत राहिले. एकदा नको म्हटलं होतं, दुसऱ्यांदा म्हटलं नाही.

त्या दुपारी मी कणीक मळत होते. नंदू उठला आणि रडायला लागला. सासूबाई पाळण्याच्या बाजूलाच खाटेवर बसल्या होत्या.

"आई, घ्या ना जरा त्याला."

"नको गो. तूच ये."

"माझे हात भरलेत पिठाने."

"धू. मी हय आसंय." त्या उठून पाळण्याजवळ उभ्या राहिल्या, पण दोन्ही हात पाठीमागे धरून.

"आई, तुमचं काही चुकलं नाही."

"असां कसा? डाक्टर शिकलेलो माणूस. तो काय खोटा सांगात?"

"आई, ऐका, मी..."

"धू गो लवकर! रडून रडून घसो सुकतलो तेचो."

मी नळाखाली हात धरले. कणीक बोटांच्या बेचक्यांत घट्ट बसली होती, चोळली तरी निघत नव्हती. नंदू रडत होता, आणि त्या पाळण्यावर वाकून, हात न लावता, "इली हां, तुझी आवस इली," म्हणत होत्या.