पोळ्याच्या दिवशीची आंघोळ

रुग्णांना खाटेवरच आंघोळ घालायच्या टबाचा तळ काठाकडे वळतो तिथं एक पांढरट रेघ होती. टब घासून पालथा ठेवला तरी ती जात नसे, हातमोज्याच्या बोटाला बुळबुळीत लागे. इस्पितळातला जंतुसंसर्ग रोखायचं काम पाहणाऱ्या भैरवीनं त्या रेघेवरून कापसाचा बोळा फिरवून प्रयोगशाळेत नेला होता. आज सकाळी काचेच्या बशीत जंतू दाट उगवलेले दिसले. रुग्ण पुंडलिकरावांच्या मानेतल्या शिरेत घातलेल्या औषधाच्या नळीत सापडले होते, तेच हे जंतू.

कपाशीवर बोंडअळी पडली त्या वर्षी आर्णीच्या या लहानशा इस्पितळात फवारणीचं विष भिनलेली माणसं येत होती. पुंडलिकराव त्यातून वाचले, पण नळीमुळे दोनदा तापले. पुन्हा ताप चढला तर शरीराला झेपणार नव्हता. टब बंद करा, असं भैरवी डॉक्टर नंदकिशोरांना उन्हाळ्यापासून सांगत होती. पाण्याशिवायची आंघोळ नातेवाइकांना पटायची नाही, बघू, एवढंच ते म्हणत. आज बशी पाहिल्यावर त्यांनी पुंडलिकरावांपुरती परवानगी दिली. घरच्यांनी मानलं, तर पुढचं बोलू म्हणाले.

नेमका पोळा होता. विमलताई घरून राखेनं घासलेलं घमेलं घेऊन आल्या होत्या. सणाला नवऱ्याला आंघोळ हवीच. सिस्टर इंदुताईंनी गरम केलेलं पाकीट उघडलं. आत औषधात भिजवलेली मऊ सुती फडकी होती. एका फडक्यानं चेहरा, दुसऱ्यानं मान, प्रत्येक हाताला वेगळं. वापरलेलं फडकं परत पाकिटात जात नव्हतं.

"बैलाले नदीवर नेते, अन् मले फडक्यानं पुसून राह्यले," पुंडलिकराव बायकोला म्हणाले. "माह्यापेक्षा त्याचा मान मोठा."

"बैल कामाचा हाय," विमलताईंनी सुनावलं.

पाठीवर ऊन ऊन फडकं फिरलं तसे पुंडलिकरावांनी डोळे मिटले. मग हळूच म्हणाले, अजून एक लावा.

सगळं आटोपलं, आणि विमलताईंनी वरून पाणी ओतायला तांब्या उचलला. औषध कातडीवर तसंच वाळायला हवं होतं. पाणी पडलं की सगळं वाया. भैरवी पुढं झाली. बोलणार तोच विमलताईंची नजर ट्रेमध्ये पडलेल्या फडक्यांवर गेली. पाठीचं फडकं काळं झालं होतं. त्यांनी तांब्या तसाच धरला.

"पोरी, टबात हाच मळ पाण्यात उतरे, अन् तेच पाणी यायच्या मानेले लागे?"

भैरवीनं मान हलवली. विमलताईंनी नवऱ्याच्या पाठीवर तळहात फिरवला. कोरडी, ऊबदार. त्यांनी तांब्या घमेल्यात ठेवला आणि घमेलं पायानं खाटेखाली सारलं.

"झाली आंघोळ," त्या म्हणाल्या. "आता पुरणपोळीचं पाहा."

डॉक्टर नंदकिशोर केव्हापासून दारात उभे होते. त्यांनी भैरवीकडे पाहिलं, घसा साफ केला.

"इंदुताई, सगळ्या खोल्यांतले टब काढा. आजच."