मला न सापडलेला फरक

मी एक जुना व्हर्नियर कॅलिपर आहे, मित्रांनो. दोन पोलादी जबड्यांत वस्तू धरून मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागापर्यंत माप सांगणारा. एके काळी मला याचा फार तोरा होता. आता अहेरीच्या एका कॉलेजातल्या कपाटात मी गंजत पडलो आहे.

माझी मालकीण रंजीता प्राणिशास्त्र शिकवायची आणि जंगलातल्या एका नाल्याकाठी टाचण्या मोजायची. टाचणी म्हणजे चतुर या उडत्या किड्याची सडपातळ बहीण, बसली की पंख पाठीवर मिटून घेणारी. मी एकीचाही पंख मोडला नाही. माझा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असे रंजीता सगळ्यांना सांगायची आणि मी फुगून जायचो.

नाल्यावर मासे धरणारा म्हातारा जंगूभाऊ आमचे मोजणे बघत बसायचा. एकदा तो म्हणाला, "बाई, हे दोन येगयेगळे हायेत. हे उन्हात बसते, थे सावली सोडत नाई."

रंजीताने दोन्हीकडच्या तीस-तीस टाचण्या धरल्या. पंख, शेपूट, डोके, सगळी मापे एकमेकांत मिसळत होती. एकच जात, असे मी छातीठोकपणे सांगितले. तरी तिने प्रत्येकीचा एकेक पाय जनुके तपासायला दूरच्या प्रयोगशाळेत पाठवला आणि टाचण्या सोडून दिल्या. सावलीतली एक हातातच मेली, ती लिफाफ्यात ठेवली.

पण तिथे गिट्टीची खदान व्हायची होती आणि परवानगीआधी लागणाऱ्या, तिथल्या जीवजातींच्या अहवालाची घाई होती. निकालाची वाट न बघता, माझ्या भरवशावर रंजीताने लिहून दिले, 'एकच जात, सगळीकडे आढळणारी.'

निकाल चौदा महिन्यांनी आला. सावलीतली टाचणी वेगळीच जात होती, आजवर दुसरीकडे कुठेही न सापडलेली. रंजीता मला पिशवीत टाकून तशीच नाल्यावर गेली. तिथे मुरमाचा ढीग होता. पाणी नव्हते, झाडे नव्हती, सावलीही नव्हती.

जंगूभाऊ ढिगाशेजारी बसला होता. तुमचेच खरे होते भाऊ, असे सांगताना ती रडू लागली.

"आता कोणाले सांगता, बाई?" तो म्हणाला.

त्या दिवसापासून तिने मला हातात घेतलेले नाही. मला त्याचे वाईट वाटत नाही. वाईट वाटते ते माझ्या तोऱ्याचे. मित्रांनो, आम्हा हत्यारांना तेलपाणी करा, जपा. पण आमचे ऐकण्याआधी नाल्याकाठी राहणाऱ्या माणसाचे ऐका.

तो लिफाफा माझ्या शेजारीच आहे. आतल्या टाचणीला पाचच पाय आहेत. तिच्या जातीतली आता तेवढीच उरली आहे.