शिल्लक पायरी

हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, औषधांच्या दुकानामागे विम्याच्या क्लेमची खोली होती आणि त्या खोलीत जावईबापू राहत होते. जावईबापू म्हणजे संगणकातली नवी तपासणी. पेशंटची फाइल विमा कंपनीकडे जाण्याआधी ते ती वाचत, आणि काही खटकलं की पडद्यावर लाल पट्टी येई. सही राहिली, रुसले. तारीख पुढेमागे झाली, रुसले. एकदा हर्नियाच्या आजोबांच्या कागदांत 'बाळ-बाळंतीण सुखरूप' असा शेरा चिकटला होता, तेव्हा मात्र त्यांचं रुसणं सगळ्यांना पटलं.

त्यांची समजूत काढण्यात चौकशीताईचा हात कुणी धरू शकत नव्हतं. हे नाव तिला हॉस्पिटलने ठेवलं होतं आणि ते खोटं नव्हतं. कुणाच्या टेबलावर नवी कुंडी दिसली तर रोप कुणी दिलं, का दिलं, इथपर्यंत ती विचारून घेई. नवरा म्हणायचा, "तू लिफ्टमधून दोन मजले चढलीस, तरी शेजारच्याची कुंडली घेऊन बाहेर पडतेस." पण गंमत अशी, की कामाच्या खुर्चीत बसलं की हा स्वभाव ती पर्ससोबत खुंटीला अडकवायची. समोरची फाइल लाल आहे, ती हिरवी करायची, बस्स.

त्या शुक्रवारी पावणेबाराला एक फाइल लाल झाली. पेशंट शिवणकाम करणारी बाई, उजवं मनगट मोडलेलं, ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी. मोडून तीन दिवस झाले होते. आणखी लांबलं तर हाड वाकडं जुळेल आणि मनगट पुरतं वळणार नाही, असं हाडांच्या डॉक्टरांनी स्पष्ट लिहिलं होतं. मंजुरी हवी तर फाइल चारच्या आत जायला हवी, नाहीतर थेट सोमवार. आणि लाल पट्टीवर कारण होतं: 'अपघाताचे वर्णन आधीच्या एका फाइलशी शब्दशः जुळते.'

वर्णन एका ओळीचं होतं. 'जिना संपला असे वाटून पाऊल जमिनीवर टाकले. एक पायरी शिल्लक होती.' चार महिन्यांपूर्वी एका ग्रंथपालाच्या फाइलमध्ये हीच ओळ होती.

"डॉक्टरांनी जुनंच उचलून चिकटवलं असणार," खोलीचे प्रमुख म्हणाले. त्यांना सगळे दादा म्हणत. "शब्द हलव आणि पाठव. त्यात काय एवढं?"

शब्द हलवणं हा त्या खोलीचा जुना इलाज होता. 'घसरून पडले' खटकलं तर 'पाय घसरल्याने तोल गेला' करायचं. अर्थ तोच, कपडे नवे, आणि जावईबापू खूश. चौकशीताईने 'जिन्यावरून उतरताना तोल गेल्याने' एवढं टाइप केलं आणि तिची बोटं थांबली. हे शब्द तिने आधी कधीतरी असेच टाइप केले होते.

ती उठली, दादांकडून किल्ली घेतली आणि मागच्या कपाटातून दोन महिन्यांपूर्वीचे गठ्ठे काढू लागली. दादा कपाळाला हात लावून बघत राहिले. अर्ध्या तासाने ती फाइल सापडली. एक निवृत्त ड्रायव्हर, मनगटच, आणि डॉक्टरांच्या मूळ कागदावर तीच ओळ. वर तिच्या स्वतःच्या अक्षरात पेन्सिलीने लिहिलेलं: 'जिन्यावरून उतरताना तोल गेल्याने.' तेव्हाही पट्टी लाल झाली होती. तेव्हाही तिने शब्द हलवले होते, आणि चहा प्यायला गेली होती.

ती डॉक्टरांना गाठायला वर गेली. ते हात धूत होते.

"डॉक्टर, तीन फाइलींत हीच ओळ आहे. तुम्ही ती जुन्या फाइलमधून घेता का हो?"

त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "मी? पेशंट जे सांगतो ते मी लिहितो. तिघांनी तेच सांगितलं तर तिघांचं तेच लिहिणार. वेगळे पडा म्हणावं, वेगळं लिहीन."

"पण कुठे पडले, ते?"

"तुमच्या फॉर्मवर 'कसे' असा रकाना आहे. 'कुठे' असा नाहीच."

हे मात्र खरं होतं. आता तिच्या मनात शंकेची पाल अशी चुकचुकायला लागली की तिला गप्प बसवेना.

शिवणकाम करणारी बाई दुसऱ्या मजल्यावर खिडकीजवळच्या खाटेवर होती. हात उशीवर, सुजून टम्म. शेजारी तिची नणंद संत्रं सोलत बसली होती आणि बोलण्याचं कामही तीच करत होती.

"कुठे म्हणजे? चष्म्याच्या दुकानाच्या जिन्यावर! वहिनीने नवा चष्मा घेतला, वरून लांबचं, खालून जवळचं दिसतं तो. मी म्हटलं, घरी जाऊन घाल. पण नाही! तिथेच घातला आणि दिमाखात उतरायला लागली."

"दिमाख कसला, वन्सं," बाई म्हणाली. "सुईत दोरा ओवता येतो का, ते दुकानातच बघितलं, आला, म्हणून आनंद झाला होता." मग तिने चौकशीताईकडे पाहिलं. "उद्याचं नक्की आहे ना हो? कात्री याच हाताने धरते मी."

"नक्की करते," चौकशीताई म्हणाली आणि नणंदेकडून दुकानाचा पत्ता विचारून घेतला.

दुकान दोन गल्ल्या सोडून, एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर होतं. चष्मेवाला भला माणूस होता. कुणी पडतं हे ऐकून त्याचे डोळेच विस्फारले. "मला कुणी सांगितलंच नाही! पडलेला माणूस जिना चढून वर कशाला येईल?" त्याच्या वहीत ग्रंथपालाचं आणि ड्रायव्हरचंही नाव निघालं, दोघांनी पडले त्याच दिवशी असाच चष्मा नेला होता. तिने त्याच्याकडून तसलाच एक नमुन्याचा चष्मा मागून घेतला, नाकावर चढवला आणि जिन्याच्या तोंडाशी उभी राहिली.

वरच्या पायऱ्या ठीक होत्या. तिने कठडा घट्ट धरला होता आणि प्रत्येक पाऊल मोजत होती. खाली बघितलं की जवळचं दाखवणाऱ्या काचेतून राखाडी लाद्या विरघळून एक होत. जिनाही राखाडी, खालचा बोळही राखाडी. मग हाताखालचा कठडा संपला. कठडा संपला म्हणजे जिना संपला, हे हाताला न शिकवता कळतं. तिने पाऊल टाकलं आणि ते टेकेचना. दुसऱ्या हाताने भिंत धरली नसती तर चौथी फाइल तिचीच झाली असती. तिने चष्मा काढला. कठडा एक पायरी आधीच संपत होता.

तिला हसूच आलं, एखादं कोडं सुटल्यावर येतं तसं. तीन माणसं, तीन चष्मे, एक पायरी! जावईबापूंनी किती अचूक बोट ठेवलं होतं. मग पेन्सिलीने लिहिलेली ती ओळ आठवली आणि हसू जागच्या जागी विरलं. तिने वाकून फोनवर पायरीचे फोटो काढले.

साडेतीनला ती खुर्चीत बसली. पडद्याच्या कोपऱ्यात एक बटण होतं, 'खुलाशासह पाठवा'. ते आजवर कुणी दाबलं नव्हतं.

"ते नको," दादा म्हणाले. "ते दाबलं की तिकडे माणूस वाचतो. माणूस वाचतो म्हणजे प्रश्न विचारतो. अडकली तर? तिचं ऑपरेशन आहे उद्या."

हे तिला कळत नव्हतं असं नाही. शब्द हलवले तर फाइल पाच मिनिटांत हिरवी होणार होती, आणि कात्रीवाला हात सुरक्षित. पण मग ती पायरी पुन्हा 'तोल गेल्याने' या शब्दांत बुडून गेली असती. तिने डॉक्टरांची ओळ होती तशी ठेवली. खाली लिहिलं, की तिघेही एकाच पायरीवरून पडले आहेत, पत्ता आणि फोटो जोडले आहेत, आणि ड्रायव्हरच्या फाइलमधली ओळ मी बदलली होती, मूळ कागदही जोडत आहे.

"आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतेयस," दादा म्हणाले.

"माहीत आहे," ती म्हणाली आणि बटण दाबलं. चारला सहा मिनिटं होती.

वीस मिनिटं गेली. मग फोन वाजला. पलीकडे विमा कंपनीतला कुणी गृहस्थ होता, आवाजावरून दमलेला.

"मॅडम, तो कठडा खरंच एक पायरी आधी संपतो?"

"खरंच. मी आत्ताच पडता पडता वाचले."

"कमाल आहे," तो म्हणाला. त्याच्या आवाजातली मरगळ गेली होती. "मंजुरी पाठवतोय. त्या ड्रायव्हरच्या ओळीबद्दल मात्र लेखी द्यावं लागेल तुम्हाला."

"देते."

ऑपरेशन व्यवस्थित झालं. सोमवारी ती वर गेली तेव्हा बाई प्लास्टरबाहेरची बोटं एकेक करून हलवून बघत होती. चष्मेवाल्याने पायरीला पिवळा पट्टा मारला होता, कठडा वाढवायला लोहार बोलावला होता. नणंदेने स्वतः जाऊन पाहून आल्याचं सविस्तर सांगितलं. चौकशीताईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दोन महिन्यांपूर्वीच कळायला हवं होतं हे. ड्रायव्हरच्या वेळी मशीनने मला सांगितलं होतं. मी शब्द बदलून पाठवून दिलं. विचारलं असतं, तर तुमचा हात मोडला नसता."

 बाईने प्लास्टरवरची नजर उचलून तिच्याकडे पाहिलं. बाई रागावली होती, आणि तिने ते लपवलं नाही.

"असे किती कागद बदललेत तुम्ही?" तिने विचारलं.

"मशीन आल्यापासून सत्तावीस."

"आणि त्यांत काय होतं?"

 साऱ्या हॉस्पिटलच्या कुंड्यांतली रोपं कुणी दिली ते चौकशीताईला ठाऊक होतं, त्या सत्तावीस कागदांतलं मात्र काहीच नाही.

"मग इथे काय बसलाय?" बाई म्हणाली.

चौकशीताई उठली. जिन्याने खाली येताना शेवटच्या पायरीशी थांबली, पाय चाचपून खाली ठेवला, आणि कपाटाची किल्ली मागायला दादांकडे गेली.