कणगीतलं हँडल

मनकर्णेनं कोपरापर्यंत हात कणगीतल्या बाजरीत खुपसला आणि मोटारीचं हँडल आत दाबलं. वरची बाजरी सारखी केली, हात पदराला पुसले आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं ती चुलीपुढं येऊन बसली. उभ्या जन्मात तिनं चोरी केली नव्हती, आणि पहिलीच केली ती स्वतःच्या घरात.

बाहेर गोठ्याशेजारच्या पडवीतून ठोकाठोकी ऐकू येत होती. राहुरीचा याकोब मिस्त्री सकाळीच सायकलला हत्यारांची पिशवी टांगून आला होता. सासरे गेल्यापासून विटांवर चढवून ठेवलेली काळी ऑस्टिन आज चालू व्हायची होती. कशासाठी, ते साऱ्या वस्तीला ठाऊक होतं. जामखेडला माहेरी बाळंत झालेल्या पुष्पावतीचा सव्वा महिना भरला होता. आपल्या धाकट्या बायकोला आणि पहिल्यावहिल्या मुलाला मनकर्णेचा नवरा गहिनीनाथ मोटारीतून घरी आणणार होता.

ही धाकटी मनकर्णेनंच पाहून आणली होती. स्वतःची कूस उजवेना, तेव्हा नवऱ्याची समजूत घालून, हातात अक्षता घेऊन ती मांडवात उभी राहिली होती. लोकांनी तिच्या मोठ्या मनाचं कोण कौतुक केलं! मुलगा झाल्याचा सांगावा आला तेव्हा साखरही तिनंच वाटली. पण परवा मोटारीवरचं गोणपाट निघालेलं पाहिलं आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. या मोटारीतून एकच नवरी या घरात आली होती, ती म्हणजे मनकर्णा. पुष्पावती एसटीनं आली होती. घर वाटून दिलं, नवरा वाटून दिला. एवढी एक गोष्ट तिची एकटीची उरली होती. मागच्या सीटवर पाट्या ठेवून ती खुडूक कोंबड्या अंड्यांवर बसवायची. दुपारी आसपास कुणी नसलं की स्वतःही जाऊन बसायची, नवरी होऊन आली तेव्हा बसली होती तशीच, डाव्या काचेशी.

आज कोंबड्यांच्या पाट्या काढायच्या म्हणून ती पडवीत गेली आणि खुंटीवरचं हँडल पदराखाली घेऊन आली.

याकोबनं टाकी धुतली, प्लग घासले, सीटखालची उंदराची घरटी काढली, चाकांत हवा भरून मोटार विटांवरून उतरवली. ऊन चढलं तसा तो अंगणात येऊन उभा राहिला.

“पाटील, इंजन तयार हाय. भाड्याची बॅटरी बी लावली. पन स्टार्टर जळालाय, हँडल मारावं लागंल. कुठंय हँडल?”

खुंटी रिकामी पाहून गहिनीनाथ दाराशी आला.

“मनकर्णे, हँडल पाह्यलंस का गं?”

“मला काय ठावं? मी आपल्या पाट्या तेवढ्या काढल्या.”

पडवी झाली, गोठा झाला, गवताची गंजीसुद्धा उपसून झाली. शेवटी याकोब म्हणाला,

“ऱ्हाऊ द्या. बैल जुपा, वढून चालू करू.”

“बैलांच्या अंगात बळ कुठंय?” गहिनीनाथ म्हणाला. पावसानं दगा दिला होता, वैरण महाग झाली होती, जनावरांच्या बरगड्या दिसत होत्या. “थांब. पयलं त्येंना थोडं दानं घालतो.”

आणि तो सरळ माजघरात शिरला.

मनकर्णेचा भाकरी थापणारा हात जागच्या जागी थांबला. कणगीचं झाकण उघडल्याचं तिला ऐकू आलं. मापट्यानं बाजरी काढल्याचा आवाज आला, मग बंद झाला. बराच वेळ काहीच ऐकू येईना. तव्यावरची भाकरी करपली तरी ती हलली नाही. थोड्या वेळानं गहिनीनाथ पाटीत दाणे घेऊन बाहेर आला आणि तिच्याकडं न बघता गोठ्याकडं गेला. तिचा जीव भांड्यात पडला. वरवरची बाजरी काढली असेल, आपलं नशीब!

दाणे खाऊन झाल्यावर बैल जुंपले, जुवाला दोर बांधून मोटारीला अडकवला. याकोब आत बसला, गहिनीनाथ बैलांना हाकू लागला. पहिल्या खेपेला मोटार नुसती फरफटली. दुसऱ्या खेपेलाही तेच. गहिनीनाथ घामानं निथळत होता आणि बाहीनं तोंड पुसत होता. खांद्यावर नेहमीचा पंचा नव्हता. मनकर्णा दारात उभी राहून मनात म्हणत होती, नको चालू होऊस, बाई, नको.

तिसऱ्या खेपेला धडाड् असा बार झाला, काळा धूर उसळला आणि बैल असे उधळले, की दोर तटकन तुटला आणि गहिनीनाथ फुफाट्यात आडवा झाला. मोटार धडधडत उभी होती. तो धुळीत बसूनच पोट धरून हसायला लागला. असं हसताना मनकर्णेनं त्याला कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं. आपल्यासाठी कधी हसला होता असा?

“बंद करू नगा आता!” याकोब ओरडला. “तशीच न्या जामखेडला. तितं बंद केली, की सकाळी पुन्ना बैल हुडका!”

ती तरातरा आत गेली. हँडल आता विहिरीतच टाकायचं, म्हणजे मागं पुरावा नको. तिनं कणगीत हात घातला. हाताला लोखंड लागलं नाही, कापड लागलं.

तिनं ते ओढून वर काढलं. गहिनीनाथचा पंचा होता. आत हँडल घट्ट गुंडाळलेलं होतं, दोन गाठी मारलेलं. मापटं लागून खणखणू नये असं. तिनं पुरलं होतं त्याहून ते खोल गेलं होतं, आणि वरची बाजरी तळहातानं सारखी केलेली होती.

मनकर्णा कणगीला टेकून खाली बसली. बाहेर इंजिन धडधडत होतं.

ती बाहेर आली तेव्हा गहिनीनाथ स्टिअरिंगपुढं बसला होता. तिनं हँडल त्याच्या पायाशी ठेवलं आणि पंचा त्याच्या खांद्यावर टाकला.

“तितं कुनाचे बैल मागत बसाल?”

हात मागं नेऊन त्यानं डाव्या बाजूचं दार तेवढं उघडलं. ती क्षणभर घुटमळली, मग पदर सावरून आत बसली. सीटवर अजून कोंबडीचं एक पीस होतं.

“येताना पोर माझ्या मांडीवर,” ती म्हणाली. “आन ही काच माझी. तिला सांगून ठिवा.”

“ती जामखेडात. आत्ता कसं सांगू?”

“मंग गेल्या गेल्या सांगा.”

“बरं,” म्हणून त्यानं पंच्यानं तोंड पुसलं. घडीतले बाजरीचे चार दाणे त्याच्या खांद्यावर सांडले. मोटार फाट्याला लागली तेव्हा मनकर्णेनं पुढं वाकून ते एकेक करून वेचले आणि पदराच्या टोकाला बांधले.