साहेबरावांची लांडगीण

अंथुर्ण्याच्या माळावर साहेबरावांच्या डोळ्यांदेखत लांडगिणीनं चंद्री उचलली. चंद्री ही त्यांची लाडकी शेळी. सकाळच्या उन्हात ती कळपापासून थोडी लांब चरत होती आणि साहेबराव लिंबाखाली बसून मोबाइलवर कुस्ती बघत होते. ते काठी घेऊन धावले तेव्हा लांडगीण ओढा ओलांडून गेली होती.

शेळी गेल्याचं दुःख होतंच, पण गावानं त्यावर मीठ चोळलं. साहेबरावांची सून तेजश्री वनरक्षक होती. त्यामुळं पारावर लगेच सुरू झालं, की सून सरकारचे लांडगे सांभाळते आणि सासरा त्यांना शेळ्या पुरवतो. एकाच घरात दोन्ही खाती आहेत म्हणे.

जेवताना साहेबरावांनी सगळा राग सुनेवर काढला. तेजश्रीनं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग सांगितलं, की लांडगिणीनं त्यांच्याच पडीक रानाच्या उतारावर बिळात पिल्लं घातली आहेत. अजून लहान आहेत, तेव्हा महिनाभर कुणी तिकडं फिरकू नये.

"रान कुणाचं हाय?" साहेबरावांनी विचारलं.

"तुमचंच की, आबा."

"आन् लांडगीण?"

"ती सरकारची."

"मग सरकारनं जेवाय घालावं तिला."

लक्ष्मीबाई भाकरी वाढत होत्या. त्या म्हणाल्या, की सरकार कशाला, ह्यांची कुस्ती चालू असली की कुणीही येऊन जेवून जावं. साहेबराव हात धुऊन उठले.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी बांध बघून येतो म्हणून ते निघाले, ते खांद्यावर पहार आणि डोक्यावर दगडांनी भरलेलं घमेलं घेऊनच. बिळाचं तोंड बुजवायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं.

उताराजवळ पोचले तर तिथं दोन जीपगाड्या उभ्या. चार-पाच माणसं हातभर लांब कॅमेरे रोखून बसलेली. एकानं बिळासमोर कोंबडीचे तुकडे टाकले होते. दुसरा तोंडानं शेळीसारखा आवाज काढत होता, म्हणजे लांडगीण जवळ येईल. ती लांब टेकाडावर उभी होती. दोन पावलं पुढं यायची, गाड्या बघून परत मागं जायची. बिळातून पिल्लांचं कुंईकुंई ऐकू येत होतं.

साहेबराव घमेलं डोक्यावर घेऊन बघत राहिले. गोठ्यात चंद्रीची करडं भुकेली झाली की असंच रडायची.

तेवढ्यात एक जण म्हणाला, "काका, जरा बाजूला व्हा. फोटोत येताय."

साहेबरावांनी घमेलं खाली ठेवलं आणि थेट कॅमेऱ्यांसमोर मांडी घालून बसले. "रान माझं हाय. आत ती लेकरं हायती, ती माझ्या चंद्रीवर वाढल्यात. तुमी काय घातलंय त्यांना?"

कोंबडी घातलीय, असं तो माणूस म्हणाला.

"ती उचला. माझ्या पावण्यांना उष्टं चालत न्हाय."

मग त्यांनी सुनेला फोन लावला. तेजश्री गणवेशात, मोटारसायकलवर आली. तिनं त्या मंडळींना कायदा समजावून सांगितला, नावं लिहून घेतली, कोंबडी उचलायला लावली आणि गाड्या माघारी लावल्या. सगळं झाल्यावर तिची नजर पहारीवर आणि दगडांवर गेली.

"आबा, हे कशाला आणलंय?"

साहेबरावांनी एकदा बिळाकडं पाहिलं, एकदा गाडीवाटेकडं. "वाट बंद कराया. परत गाड्या येऊ नयेत म्हणून."

"तुमाला आधीच ठावं होतं व्हय, गाड्या येणार ते?"

"अंदाज लागतो माणसाला."

तेजश्रीनं मान डोलावली आणि पदरी पडलं, पवित्र झालं म्हणत वाट कुठं अडवायची ते दाखवलं. एका घमेल्यात काही वाट अडत नाही. त्यामुळं वनखात्याच्या देखरेखीखाली साहेबराव दुपारपर्यंत दगड वाहत राहिले. ती मधूनच, आबा, तो जरा डावीकडं घ्या, असं म्हणायची, आणि ते मुकाट्यानं घ्यायचे.

दुपार कलली तशी लांडगीण परतली. दोघं लांब बाभळीआड बसून बघत होते. तिनं बिळातून एक पिल्लू मानगुटीला धरून उचललं आणि टेकाडापलीकडं गेली. थोड्या वेळानं येऊन दुसरं नेलं. मग तिसरं.

"जाती व्हय?" साहेबरावांचा आवाज उतरला होता.

तेजश्रीनं समजावलं, की माणसांचा त्रास झाला की त्या जागा बदलतात, तुमच्यावर राग नाही. साहेबराव म्हणाले, राग कशाला असंल, माझी शेळी खाल्लीय की तिनं. तरी ते शेवटचं पिल्लू दिसेनासं होईपर्यंत उठले नाहीत.

टेकाडापलीकडं दत्तोबांचं रान आणि त्यांचा मेंढ्यांचा वाडा होता. ते ध्यानात येताच साहेबराव संध्याकाळची वाट न बघता तिकडं गेले. दत्तोबांनी सगळं ऐकलं आणि हसून विचारलं, की लांडग्यांची वकिली कधीपासून घेतली.

"वकिली न्हाय, दत्तोबा. ती चोर हाय, हावरी हाय. पण लेकुरवाळी हाय. महिनाभर दम धर."

दत्तोबांनी दम धरायचं कबूल केलं, पण कोकरांच्या वाड्याला उंच जाळी बांधून द्यायच्या अटीवर. ती मात्र साहेबरावांनीच बांधायची. लक्ष्मीबाईंना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, की आमच्या गोठ्याला तीन वर्षं मागतेय जाळी. साहेबरावांनी दुसऱ्या दिवशी दोन्हीकडं बांधली. आधी घरची.