ओली चादर

जिसेलाने सगळा जोर लावून डोकं मागे उभ्या आर्मिदाच्या तोंडावर हाणलं. काहीतरी कडकन मोडलं. पुढचे दोन दात जिभेवर घेऊन आर्मिदा न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर बसली. तोवर इतर परिचारिकांनी जिसेलाला पालथी पाडलं होतं. एकीचा गुडघा पाठीवर, दुसरीचा मानेवर.

"थोबाड धरा तिचं, चावेल!" मुख्य परिचारिका ब्रूना ओरडली. "आर्मिदा, जिवंत आहेस ना गं?"

"आहे," आर्मिदा म्हणाली आणि रक्त थुंकली.

जिसेलाला खाटेवर टाकून हातपाय पट्ट्यांनी जखडल्यावर ब्रूनाने वही उघडली. 'गुरुवार. रुग्ण हिंसक. विनाकारण हल्ला.'

इटलीतल्या फ्रिउलीच्या डोंगराखालच्या त्या वेड्यांच्या इस्पितळात तेरा वर्षांपूर्वी जिसेला आली, ती सासऱ्याच्या डोक्यात चुलीची सळई घालून. सासरा रात्री तिच्या खोलीत कशाला गेला होता, हे कुणी विचारलं नाही. पोलिसांच्या डॉक्टरने 'स्वतःस व इतरांस धोकादायक' असा शेरा मारला, आणि कायद्याला तेवढा पुरे होता. आजाराचं नाव मागाहून आलं. पहिल्या प्रमुखाने उन्माद म्हटलं, दुसऱ्याने स्किझोफ्रेनिया, तिसऱ्याने त्याला आणखी एक लांबलचक शेपूट जोडलं. साठ बायकांना पाव तासात उरकणारे हे थोर लोक निदान कुठून काढत? ब्रूनाच्या वहीतून. प्रमुख बदलले, नावं बदलली, पट्टे मात्र तेच राहिले.

शुक्रवारी नव्या डॉक्टरने, तोमाझिनने, सगळ्यांना बोलावलं. पांढरा कोट न घालणारा हा माणूस वॉर्डात कुणाला आवडत नसे. त्याच्यापुढे तेरा वर्षांच्या वह्यांची चळत होती.

"कर्मचारी जखमी झाली म्हणजे मला सरकारी वकिलाला लिहावं लागणार," तो म्हणाला. "'धोकादायक' लिहिलं, तर जिसेला गुन्हेगार वेड्यांच्या तुरुंगात जाईल. तिथून माणूस खांद्यावरच बाहेर येतो. नाही लिहिलं, तर तिची बहीण नोर्मा तिला घरी न्यायला तयार आहे."

"मग लिहा की! आर्मिदाचं तोंड बघा," ब्रूना म्हणाली.

"बघतोय. पण आजार आहे म्हणायचं तर तो कधी येतो, कशाने येतो, हे कळायला नको? तेरा वर्षांत हिने जितक्या वेळा मारलं, ते सगळं गुरुवारी. हिचा आजार काय वार बघून येतो?"

"गुरुवारी अंघोळ असते," एकजण पुटपुटली.

"आणि अंघोळीच्या आधी काय असतं? वहीत प्रत्येक वेळी तिने काय केलं ते आहे. आधी काय झालं, ते एकदाही नाही."

"काही नसतं," ब्रूना म्हणाली. आर्मिदा गप्प बसली. सुजलेल्या ओठांची सबब तिच्या कामी आली.

आधी ओली चादर असे. भिजवलेली चादर मागून तोंडावर टाकायची, गळ्याशी पीळ द्यायचा आणि बाई मऊ पडेपर्यंत धरून ठेवायची. वळ उठत नाही. जिसेला अंघोळीला खवळते म्हणून तिला आधीच चादर. बावीस वर्षांपूर्वी नोकरीच्या पहिल्याच दिवशी ब्रूनाने हा पीळ आर्मिदाला शिकवला होता, आणि आर्मिदाने पुढे चौघींना. काल तिच्याच हातून पीळ सुटला, जिसेलाला श्वास मिळाला आणि दात गेले.

संध्याकाळी धुण्याच्या खोलीत ब्रूनाने तिला गाठलं.

"त्या शहाण्याकडे जायचं मनात आहे ना तुझ्या? तोंडावर दिसतंय."

"ब्रूना, ती चादरीलाच खवळते गं. आपणच—"

"आपणच काय? तुरुंगात जायचंय? तुझ्या पेन्शनला दोन वर्षं उरलीत, बये. दात गेलेत, आता तोंड मिटून ठेवायला सोपं जाईल."

आर्मिदा दाराकडे वळली, आणि मागून चादर आली.

थंडगार, साबणाच्या वासाची. नाकातोंडावर चिकटली, गळ्याशी आवळली. श्वास ओढला तर कापडच आत आलं. "आठवण राहावी म्हणून हं," कानाशी ब्रूना शांतपणे म्हणत होती. बाकीचं आर्मिदाला ऐकू आलं नाही. तिने काही ठरवलं नाही, विचार केला नाही. डोकं आपोआप मागे गेलं, पुन्हा गेलं, आणि मागे काहीतरी कडकन मोडलं.

चादर ओरबाडून ती वळली. ब्रूना नाक धरून भिंतीशी बसली होती, बोटांतून रक्त वाहत होतं. आर्मिदाने तिच्या पोटात लाथ घातली. मग आणखी एक. तिसरीला पाय उचलला आणि तसाच थांबला.

"वेडी झालीस का गं तू!" ब्रूना किंचाळली.

आर्मिदा तिच्याकडे बघत राहिली. तिला भयंकर लाज वाटली, पण ती ब्रूनाला मारल्याची नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने तोमाझिनपुढे वही उघडली आणि ब्रूनाच्या ओळीवर, कशीबशी जागा करून लिहिलं: 'त्याआधी चादर टाकली. मी टाकली. तेरा वर्षं आम्ही टाकत आलो.' खाली सही केली.

"याचे परिणाम ठाऊक आहेत तुम्हाला?" त्याने विचारलं.

"जिसेलाच्या तेरा वर्षांहून कमीच असतील, डॉक्टर."

तोमाझिनने 'धोकादायक नाही' असं लिहून पाठवलं. नोर्मा पुढच्या शनिवारी न्यायला येणार होती. आर्मिदाला त्यानंतरच्या सोमवारी सरकारी वकिलापुढे जायचं होतं. वॉर्डात तिच्याशी कुणी बोलत नव्हतं. तिच्या कॉफीत कुणीतरी थुंकलंही होतं.

मधे गुरुवार आला. जिसेलाला न्हाऊ घालायला आर्मिदा एकटीच गेली. खोलीत चादर नव्हती. रिकामे तळवे दाखवत ती म्हणाली, "बघ, काही नाही."

जिसेला टबात उतरली, बसली, आणि दोन्ही हातांनी तिने आपला गळा घट्ट झाकून घेतला. तिने मारलं नाही, ओरडली नाही. आर्मिदाने तिची पाठ चोळली, पाय चोळले, केसांवर पाणी घातलं. मान तेवढी राहिली.

"हात काढतेस, बाई?"

हात निघाले नाहीत. आर्मिदा साबण मांडीवर घेऊन स्टुलावर बसली. पाणी निवलं, तेव्हा तिने उठून गरम पाण्याची बादली आणली, टबात ओतली, आणि पुन्हा बसून राहिली.